काजळीने उतरलेले सूर

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मुलचेऱ्याजवळच्या एका गावात, वारलूभाऊंच्या घरी मी चाळीस वर्षे राहते आहे. मित्रांनो, माझ्या पोटात पितळेच्या पातळ जिभा आहेत. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि सूर निघतो.

वारलूभाऊंच्या भजन मंडळाने मला चंद्रपूरहून आणले तेव्हा माझे सगळे सूर बरोबर होते. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून वारलूभाऊ मला चुलीवरच्या माचीवर, मोहफुलांच्या टोपलीशेजारी ठेवत. लाकूड खरेच कधी फुगले नाही. पण धुराची काजळी आत शिरली. जिभेच्या टोकाला थर बसला की ती सावकाश हलते आणि सूर खाली येतो. जे सूर जास्त वाजत, त्यांतून धुरकट हवा जास्त जाई. वारलूभाऊंना सर्वांत आवडणारे सूरच सर्वांत जास्त उतरले. हे इतके हळूहळू झाले की त्यांचा गळाही माझ्यासोबत उतरत गेला. कुणालाच कळले नाही.

त्यांची नात दिव्यानी तळ्याच्या पाळीवर जाऊन मोबाइलमध्ये गाण्याचे व्हिडिओ उतरवून आणी. गावात रेंज तिथेच मिळते. एके सकाळी एक गुरुजी मोबाइलवर भूप राग शिकवत होते. वारलूभाऊ तांदूळ निवडता निवडता थांबले.

"हे तं आपलं मंगळवारचं भजन हाय. ह्याले नाव हाय, हे मले आजवर मालूमच नोहतं," ते म्हणाले.

मग ते रोज तिच्याशेजारी बसू लागले. ते दिवस चांगले होते. तिने त्यांचे भजन चित्रित करून सगळ्यांना दिसेल असे इंटरनेटवर टाकले. लोकांनी खाली लिहिलेले ती त्यांना वाचून दाखवत होती. एका ओळीशी ती अडखळली. त्यांनी तिला ती ओळ वाचायलाच लावली. 'आधी पेटी सुरात लावा, मग राग गा.'

"मानूस दूरचा हाय, पन कान पक्का हाय," असे म्हणून ते हसले आणि त्यांनी माझ्यावर फडके टाकले. दिव्यानीने शरमेने तो व्हिडिओ तेव्हाच पुसून टाकला. मोबाइलमधूनही काढला.

आठवडाभर त्यांनी मला हात लावला नाही. तिने मात्र पेटी दुरुस्तीचा व्हिडिओ शोधला, मला उघडले आणि मऊ कुंचल्याने एकेक जीभ पुसली. मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी प्रत्येक सूर ताडून पाहिला. सगळे जुळले.

"आबाजी, तुमची चूक नोहतीच. काजळी होती. आता वाजवून पाहा नं."

वारलूभाऊंनी भाता ओढला. पहिली ओळ गाताना ते थांबले, पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबले. गळा जुन्या जागी जात होता आणि मी तिथे नव्हते.

"सूर बराबर हाय, बाई. पन माह्या गळ्याले तो वळखत नाई."

त्यानंतर ते गायले नाहीत. मंगळवारी ते मागे बसून टाळी देतात. दिव्यानी माझ्यावर भूप शिकते, छान शिकते. मधूनच ती कुणाकुणाला विचारते की तो व्हिडिओ परत मिळवता येईल का. मुलचेऱ्याच्या मोबाइलवाल्याने नाही म्हणून सांगितले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी पेटी असेल तर तिला धुरापासून दूर ठेवा, वर्षातून एकदा उघडून पुसा. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे गाणे चुकले आहे असे कळले, तरी ते पुसू नका. माझ्या जिभा पुसून मी सुरात आले. पण वारलूभाऊ गात तो सूर आता मला काढता येत नाही, आणि दुसरीकडे तो कुठेही उरलेला नाही.