चाकांच्या खुर्चीने पाहिलेले आभाळ

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. दवाखान्यातले लोक मला व्हीलचेअर म्हणत. कारखान्यात पोलादी नळ्या वाकवून माझा सांगाडा घडवला, मागे दोन मोठी आणि पुढे दोन छोटी चाके बसवली, तेव्हा मला वाटले, चाके मिळाली म्हणजे आता जग बघायला मिळणार! पण माझे जग दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवरच संपले. लिफ्टपासून एक्स-रेच्या खोलीपर्यंत जायचे आणि परत यायचे. डोक्यावर आभाळ नव्हते, ट्यूबलाइट होत्या. तरी मी कधी कुरकुरले नाही. नव्या बाळाला कुशीत घेऊन कितीतरी आया माझ्यात बसून दारापर्यंत गेल्या. "ही खुर्ची शहाणी आहे, सरळ चालते," असे नर्सबाई सगळ्यांना सांगायच्या. पुढे नव्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली गेले. माझ्या मांडीवर ओल्या बादल्या बसू लागल्या.

तिथून मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी घरी नेले. त्यांचे यजमान उंच क्रेन चालवायचे. एकदा शिडीवरून पाय निसटला आणि ते खाली कोसळले. जीव वाचला, पायांतले बळ मात्र गेले. त्यांची लेक टिल्ली त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते, आणि त्या बाईंना आई.

बाबा माझ्यात बसत, पण उंबरठ्याबाहेर जात नसत. खिडकीकडेसुद्धा पाठ करायला लावत. ज्याने सारे शहर वरून पाहिले होते, तो माणूस दिवसभर फरशी न्याहाळत बसे. समजावून समजावून घरच्यांची तोंडे दुखली.

अशातच समुद्रकिनाऱ्यावर विमानांच्या कसरती होणार असल्याची बातमी आली. टिल्लीने हट्ट धरला, की बाबा आले तरच मी जाणार. बाबा बधले नाहीत. मग आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, बेकरीत कणकेचे डोंगर मळणारी, अंगापिंडाने भक्कम. तिने वाद घातलाच नाही. माझे ब्रेक सोडले आणि म्हणाली, भांडायचे तर वाटेत भांडू.

फरसबंदी संपून वाळू सुरू झाली आणि माझी पुढची चाके रुतली. आईने जोर लावला, तशी मी आणखीच खचले. लोक वळून बघू लागले. बाबांची मान खाली गेली.

"परत चला," ते म्हणाले. "शोभा झाली तेवढी पुरे."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण आत्याने पदर खोचला, मला उलटी फिरवली, मागे कलती केली आणि ओढायला लागली. दुसरी मूठ आईने धरली. टिल्ली सगळ्यांच्या चपला सांभाळत मागून धावत होती. धापा टाकत आम्ही पाण्याजवळ पोहोचलो. तिथली ओली वाळू घट्ट होती. माझी चाके मोकळी झाली.

आणि मित्रांनो, मी आभाळ पाहिले. त्याला भिंत नव्हती, कोपरा नव्हता. त्यातून विमाने बाणासारखी रांग धरून आली, आधी अगदी मुकाट. ती डोक्यावरून गेली आणि मग मागून आवाज कोसळला. माझा स्क्रू न् स्क्रू थरारला. पांढऱ्या धुराच्या रेघा इतक्या सरळ होत्या, की आत्यासुद्धा बोलायची थांबली.

मग एक छोटे विमान एकटेच आले. ते सरळ वर चढू लागले. चढता चढता मंदावले, थबकले. आवाज बंद पडला. आणि ते गिरक्या घेत खाली येऊ लागले.

टिल्लीने बाबांच्या मांडीत तोंड लपवले. आईने बाबांच्या डोळ्यांवर हात धरायला पाहिले, पण त्यांनी तो बाजूला केला. माझे हात त्यांनी असे आवळले, की त्यांच्या तळव्यांचा घाम मला जाणवला. त्यांची पाठ माझ्या पाठीपासून सुटली होती. मान वर होती. विमान खाली येत राहिले, येतच राहिले. अचानक इंजिन गरजले, नाक उचलले गेले आणि लाटांवरून ते झपकन निघून गेले.

"टिल्ले, वर बघ," बाबा म्हणाले. "सावरलं गं ते."

धूर विरून गेला तरी बाबा वरच बघत होते. आईने विचारले, निघायचे का. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि किनाऱ्याच्या पार टोकाला असलेल्या खडकांकडे बोट दाखवले. मग माझ्या चाकांवर स्वतःचे हात ठेवले. त्याआधी त्यांनी मला कधी चालवले नव्हते. आम्ही निघालो आणि बाकीच्यांना मागून पळावे लागले.

आता वरचेवर किनाऱ्यावर जाऊन खाऱ्या वाऱ्याने माझे सांधे गंजले आहेत. आई गोड्या पाण्याने मला धुते, तेल घालते, तरी मी चिवचिवतेच. एवढी काळजी तुम्हीही घ्या, मित्रांनो. आणखी एक मागणे आहे. ओढून नेणारी आत्या प्रत्येकाच्या नशिबी नसते. म्हणून मला ढकलण्याआधी जरा पुढे या, माझ्यात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघा आणि विचारा, कुठे जायचे आहे? पुष्कळदा त्याला तुम्हाला वाटते त्यापेक्षा खूप लांब जायचे असते.