एका भट्टीचं रक्त

२००४ साली मी राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात संशोधन सहायक होते. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, असलेल्या घरांतल्या माणसांचं एक जनुक अक्षर-अक्षर वाचून दोष शोधायचा, हे आमचं काम. नमुने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जात आणि अहवाल तीन आठवड्यांनी येई.

विद्याश्रीला गरोदरपणाचा दहावा आठवडा लागला होता. तिचा भाऊ रुद्रेश हिमोफिलियाचा; गुडघ्यात रक्त साकळलं की महिनाभर अंथरुणात. हा दोष आपल्यातही आहे का, मुलाला जाईल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मी तीन नळ्यांवर नावं घातली, रुद्रेश, विद्याश्री आणि त्यांची आई रत्नव्वा, आणि त्या तिच्या मामांकडे दिल्या. गावातला कंपाउंडर रक्त काढणार होता.

अहवालानुसार रुद्रेश निरोगी होता. विद्याश्री निरोगी आणि पुरुष होती. दोन लेकरांची आई रत्नव्वा, तीही पुरुष.

मामा, म्हणजे नागाप्पा, पेढे घेऊन आले. त्यांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री होती. विद्याश्री चंदगडहून, सासरहून, थेट दवाखान्यात आली होती.

"तिघं पास," नागाप्पा म्हणाले. "रुद्रेशचं इंजेक्शन आता बंद करूया न्हवं?"

"हे रक्त कुणाचं?" मी विचारलं.

"माझंच की."

"तिन्ही नळ्यांत?"

"म्याडम, भट्टीतनं पळीभर लोखंड काढून तपासतो. पास झालं की त्या भट्टीचं दोनशे नग पास. एकेक नग कोण फोडत बसतंय? अक्का नि मी एका आईच्या पोटचं, पोरं अक्काची. भट्टी एकच की."

"मामा, तुम्ही तर फोनवर म्हणालता, तुझं रक्त दवाखान्यात हायच," विद्याश्री म्हणाली.

"यष्टीत हादरं बसत्यात. असल्या दिवसांत कशाला यायचं?"

मी एक्स गुणसूत्रांची आकृती काढून दाखवली: आईच्या दोन एक्सपैकी कुठला कुणाला जाईल ते सांगता येत नाही, म्हणून भाऊ निरोगी असला तरी बहिणीत दोष असू शकतो. त्यांनी कागद फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिला आणि रेघ सरळ आली आहे, असं सांगितलं.

विद्याश्रीनं विचारलं, "मामा, गिऱ्हाइकानं माल परत धाडला तर काय करता?"

"मग एकेक नग तपासतो."

"मी धाडला परत." तिनं बाही वर केली.

तिचं रक्त मीच काढलं. रुद्रेश आणि रत्नव्वा यांचं घरी जाऊन काढलं. आता तेरावा आठवडा होता. सोळाव्यात अहवाल आला: रुद्रेशमध्ये दोष, रत्नव्वांच्या जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत दोष, विद्याश्रीच्या दोन्ही प्रती स्वच्छ.

"मी काय वेगळं म्हणालतो?" नागाप्पा म्हणाले. "विद्या पास."

उत्तर बरोबर आलं म्हणून चाचणी बरोबर ठरत नाही, हे मी त्यांना समजावायला लागले.

"असूदे ओ ताई," विद्याश्री म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "म्हणू द्या त्यांना. मला फक्त तो कागद द्या."