बाईसाहेबांना फवारा चालत नाही

मान खाली. अजून थोडी. हां.

तर समोरचं दुकान दिसतंय ना आरशात? माझी सख्खी ताई तिथे केस कापून घेते. भाऊ इथे कात्री घेऊन बसलेला आणि ती रस्ता ओलांडून तिकडे. का, तर म्हणे, "तू केस कापत नाहीस, माणसाला आंघोळ घालतोस." फवाऱ्याच्या बाटलीवर राग तिचा. माझा हात जरा सढळ आहे, एवढंच.

कानावरचे किती ठेवू? बरं.

मध्यंतरी ती गुडघा बदलायला दवाखान्यात गेली आणि तिची टॅरँटुला माझ्याकडे ठेवून गेली. कोळी हो, मादी, तळहाताएवढी, अंगभर केस. ती बघा, पावडरीच्या डब्याशेजारी, काचेच्या पेटीत. दचकू नका, हातात वस्तरा आहे. ताई तिला बाईसाहेब म्हणते.

काम एकच सांगितलं. "पेटीत ठेवलेल्या या झाकणातलं पाणी रोज बदलायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "नीट सांभाळली तर?"

"तर तुझ्या खुर्चीत बसेन. मेली तर मला तोंड दाखवू नकोस."

आता तुम्हीच सांगा, झाकणभर पाण्यात कुणाचं काय भिजणार? आणि माझ्यासमोर जो येईल त्याच्यावर फवारा मारायचा, ही हाताची सवय. येता-जाता दोन फवारे. गिऱ्हाईक उठलं की बाटलीतलं उरलेलं बाईसाहेबांना. माती कशी छान काळीभोर झाली.

बाईसाहेब काचेवर चढल्या. उतरेनात.

"तहान लागलीय," पोस्टमन म्हणाला. आणखी फवारा.

"तुमची कला बघतायत हो," शिंपीकाका म्हणाले. मला हे जास्त पटलं.

हलू नका, मानेवरचं करतोय.

एका सकाळी बघतो तर बाईसाहेबांच्या बुडावर टक्कल. मागच्या पायांनी स्वतःचे केस उडवत होत्या. पेटी उघडली तर माझ्या मनगटावर आले आणि नुसती आग. उभी हयात केसांत गेली माझी, पण गिऱ्हाइकानं आपले केस उपटून माझ्या अंगावर फेकावेत, असा अपमान कधी झाला नव्हता.

ताईला फोन लावला.

"बाईसाहेब मजेत आहेत."

"कुठे बसल्यात?"

"काचेवर."



"फवारा मारलास."

"थोडासा."

"गधड्या, तिला कोरडी जमीन लागते. ओल्यावर पाय टेकणार नाही ती. वरून पडली तर पोट फुटून मरेल. माती सुकव आधी. पाणी फक्त झाकणात."

बाईसाहेबांना डब्यात घेतलं. कसं ते विचारू नका, एक कंगवा वाया गेला. माती वर्तमानपत्रावर पसरली आणि ड्रायर लावला. खुर्चीत शिंपीकाका, अर्धी दाढी झालेली, अर्ध्यावर फेस, फेसावर माती.

"माझं काय?" ते म्हणाले.

"तुम्ही पडलात तर पोट फुटणार नाही. बसा."

सगळं कोरडं करून परत भरलं, झाकणात ताजं पाणी ओतलं आणि बाटली कपाटात कोंडली. बाईसाहेब पुन्हा काचेवर. गिऱ्हाइकं येऊन गेली, माझं लक्ष कशात नाही. संध्याकाळी एक पाय खाली आला. मागे गेला. पुन्हा आला. मग एकेक करत आठही उतरले, सरळ झाकणापाशी गेले, आणि बाईसाहेब तोंड पाण्यात घालून, बूड वर करून थिजल्या.

मला वाटलं, संपलं. ताईला काय तोंड दाखवू?

मग लक्षात आलं, बेसिनवर डोकं धुवायला वाकलेलं गिऱ्हाईक अगदी असंच दिसतं. पीत होत्या. पोटभर प्यायल्या, आणि झाकणात उरलंसुद्धा.

झालं तुमचं. हा आरसा, मागून बघा. घाई करत नाही, पण उठा. ती बघा, काठी टेकत ताई येतेय. समोरच्या दारात थांबली... नाही. इकडेच.

"ये ताई."

"आधी बाईसाहेब दाखव. हे टक्कल काय?"

"येतील केस."

"कात टाकली की येतील. तुझ्यामुळे नाही." बसली बघा. "बाळ्या, बाटली कुठाय?"

अहो, ही बाटली धरा जरा. तिचे केस होईपर्यंत तिथे बाकावर बसा, आणि मी मागितली तरी देऊ नका.