सहाणेवरचे वेढे

मी एक जुनी सहाण आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी सांगते. सहाण म्हणजे लहान बाळाची गुटी उगाळायचा दगड. वीतभर रुंदीचा, मधोमध जरासा खोलगट. दूधगंगेच्या काठचा एक धोंडा उचलून एका पाथरवटानं मला घडवलं. घडवताना त्यानं मला इतकं ठोकलं, की पुढं कुणी काही बोललं तरी फारसं लागलं नाही.

कोगनोळीत एका जैन शेतकऱ्याच्या घरी मी आले ती एकोणीसशे तीन साली, त्यांचा नेमगोंडा जन्मला तेव्हा. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग हे सगळं आईच्या दुधात माझ्यावर उगाळायचं आणि बोटानं बाळाला चाटवायचं. वस्तू माझ्या अंगावरून एकदा गोल फिरली की एक वेढा झाला. वेढे मोजूनच द्यायचे. हळकुंडाचे दोन, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धा. हे माप कुठं लिहून ठेवलेलं नसे. ते बाईच्या मनगटात असे आणि माझ्या अंगावर असे. त्यामुळं मलाही मोजायची सवय लागली. नेमगोंडा चांगला उंचापुरा झाला तेव्हा लोक म्हणाले, "ह्या सहाणेची गुटी मानवली पोराला." दगडाला जितकं फुगता येतं तितकी मी फुगले.

नेमगोंडाचं लग्न झालं आणि तारामती घरात आली. तिच्यासारखं मनगट मी दुसरं पाहिलं नाही. तिचा वेढा ना मोठा पडे ना छोटा. तिची पहिली मुलगी आक्काताई गुटीवर अशी टणटणीत झाली, की गल्लीतल्या बाया आपली बाळं घेऊन दारात येत आणि म्हणत, "तारामती, आमच्या बी पोराला तूच उगाळून दे गं." ते माझे सुखाचे दिवस होते.

आक्काताई अडीच वर्षांची झाली आणि पाठीवर जिनपाल आला. सगळं घर पाळण्याभोवती गोळा झालं. आलं-गेलं माणूस बाळाचं तोंड बघे आणि आक्काताईला म्हणे, "आता तू मोठी झालीस बघ." अडीच वर्षांच्या पोरीनं कितीसं मोठं व्हायचं? तिला आईची मांडी परत हवी होती, बाकी काही नाही. ती दिवसातून दहादा आईच्या पदराला लोंबकळे आणि तारामती दहादा तेच सांगे, "बाळ निजू दे, मग घेतो गं तुला."

बाळ कशानं निजतं, हे त्या पोरीनं बघून ठेवलं होतं.

त्या काळी गुटीच्या बटव्यात आणखी एक गोष्ट असे. अफूची गोळी. ती ठेक्याच्या दुकानात राजरोस मिळे. रानात कामाला जाणाऱ्या बाया बाळ निजावं म्हणून अफूचा एक वेढा देत आणि कामाला लागत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

फाल्गुनातली दुपार होती. तंबाखूची कापणी झाली होती आणि पानं मागच्या खळ्यात वाळत पडली होती. तारामतीनं नुकतीच जिनपालला गुटी दिली होती, वर अफूचा एक वेढा दिला होता. तेवढ्यात तिच्या नणंदेनं, धोंडूबाईनं, खळ्यातून हाक मारली, "तारा, आभाळ आलंय गं. पानं भिजत्यात, ये लवकर." वर्षभराची मेहनत उघड्यावर पडलेली. तारामतीनं बाळाला पाळण्यात ठेवलं आणि ती धावली. मी तशीच मध्येच राहिले आणि वाटाण्याएवढी गोळी माझ्या शेजारी राहिली. बाळ अजून झोपलं नव्हतं. ते कुरकुरत होतं.

आक्काताई आली. आई बसते तशी उकिडवी बसली. तांब्यातलं थोडं पाणी माझ्यावर ओतलं, गोळी उचलली आणि फिरवायला लागली. हात एवढासा, पण सगळा भार देऊन ती उगाळत होती. एक. दोन. तिसऱ्या वेढ्याला मी थांब म्हणायला हवं होतं, पण मला तोंड नाही. पाचव्या वेढ्याला ती आईसारखं काहीतरी गुणगुणायला लागली. तिला मोजता येत नव्हतं. मला येत होतं. नऊ वेढे झाले.

मग तिनं पाळणा वाकवला आणि बोट चाटवलं. पुन्हा माझ्याकडं आली, पुन्हा बोट भरून नेलं. बाळाच्या हनुवटीवर ओघळ आला तो झग्याच्या टोकानं पुसला. त्या घरात इतक्या मायेनं कुणी कुणाला भरवलेलं मी पाहिलेलं नाही. जिनपालची कुरकुर थांबली. आक्काताई पाळण्याखाली बसून आईची वाट बघायला लागली.

आभाळ तसंच पुढं निघून गेलं. पावसाचा एक थेंबही पडला नाही.

तारामती आत आली तशी आक्काताईनं दोन्ही हात वर केले. "बाळ निजलं. मी निजिवलं. घे आता."

तारामतीनं माझ्याकडं पाहिलं. गोळी निम्मी झाली होती. तिनं आधी पोरीचा जबडा उघडून तोंडात पाहिलं, मग बाळाला उचललं. हाका मारल्या, तळवे चोळले, डोळ्यांवर पाणी मारलं. धोंडूबाईला हाक घालून तिनं नेमगोंडाला वैद्याकडं पिटाळलं. आणि माणसं जमायच्या आत तिनं आणखी एक काम केलं. ओल्या पदरानं आक्काताईची बोटं एकेक करून पुसली आणि मला खळखळून धुतलं. आक्काताई अजून "घे की" म्हणत होती. तारामतीनं तिला घेतलं. एका हातावर तो, दुसऱ्यावर ती.

वैद्य आले, पण त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. दिवस मावळायच्या आधी जिनपाल गेला.

"वेढे किती दिलेस?" वैद्यांनी विचारलं.

"मोजायचं चुकलं," तारामती म्हणाली. "माझ्याच हातनं जास्त झालं."

धोंडूबाईला ते पटेना. "तुझ्या हातनं? तुझा येढा कधी चुकला न्हाय."

"आज चुकला."

ते सगळंच खोटं नव्हतं. गोळी उघडी टाकून तीच गेली होती. पण नऊ वेढे तिचे नव्हते, आणि ते कुणाचे होते हे त्या घरात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. अडीच वर्षांच्या पोरीला दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवतही नव्हतं. तिला आठवू नये, एवढ्याचसाठी ती माउली उभी राहिली.

नेमगोंडानं मला उचलून न्हाणीत फेकलं. मी पालथी पडले. एकोणीस वर्षं लोकांनी माझ्या पाठीवर टाचा घासल्या. त्याचं मला काही नाही. पण तारामतीच्या दारात बाळ घेऊन यायच्या त्या बाया यायच्या थांबल्या. पाणवठ्यावर ती आली की बोलणं बदलायचं. तिला पुन्हा मूल झालं नाही. नेमगोंडा वाईट माणूस नव्हता, पण तिच्याशी बोलताना तो भिंतीकडं बघून बोलायला लागला.

आक्काताई दहा वर्षांची असताना कुणीतरी तिला सांगितलं. आई न्हाणीत भांडी घासत होती, तिथं येऊन तिनं विचारलं, "माझा भाऊ तुझ्या हातनं गेला?"

"व्हय."

"कसा काय?"

"ध्यान न्हवतं माझं."

त्यानंतर आक्काताई आईच्या हातचं जेवली, पण तिच्या कुशीत कधी शिरली नाही. जी मांडी मिळावी म्हणून तिनं ते केलं होतं, ती तिनं आपणहून सोडली. मला रडता आलं असतं तर मी त्या दिवशी रडले असते.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी आक्काताई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. थोरला भरमू तीन वर्षांचा, आणि पाळण्यात मुलगी. गुटीसाठी सहाण शोधताना तिला मी दिसले. तिनं मला सुलटी केली आणि राखेनं घासून स्वच्छ केलं. तारामती हळकुंड घेऊन आली आणि माझ्यासमोर बसणार, तोच आक्काताई म्हणाली, "आई, तू नगं. गुटी मीच देतो."

तारामती वाकलेली तशीच राहिली.

"वाईट वाटून घेऊ नगंस," आक्काताई खाली बघत म्हणाली. "पर माझ्या लेकराला तुझा हात नगं."

मित्रांनो, एक शब्द पुरला असता. इतकी वर्षं जिभेखाली धरलेला एकच शब्द. तारामतीनं हळकुंड माझ्याशेजारी ठेवलं.

"व्हय, तूच दे," ती म्हणाली. "मोजून दे. अफू तेवढी घरात आणू नगंस." मग तिनं खांबाला टेकून अंगठा चोखणाऱ्या भरमूला उचललं. "ह्याला मी बघतो. बाळाकडं सगळं घर बघतंय."

आक्काताई उगाळायला लागली. दोन, एक, अर्धा. मनगट हुबेहूब आईचं. आणि पलीकडं तारामती भरमूला मांडीवर घेऊन बसली, ती तो स्वतः कंटाळून उतरेपर्यंत. बाळ निजायची वाट त्या पोराला एकदाही बघावी लागली नाही. पाच महिने रोज असंच चाललं. मला तोंड असतं तर मी बोलले असते का, असं मी त्या पाच महिन्यांत पुष्कळदा स्वतःला विचारलं. पण माझ्यावर फिरणारा तो हात खरं कळल्यावर पुन्हा कधी स्थिर राहिला नसता. मीही गप्पच बसले असते.

तेव्हा मित्रांनो, औषधाची डबी उघडी टाकू नका. घरात नवं बाळ आलं तर खाली उभ्या असलेल्या थोरल्याला आधी उचलून घ्या. आणि कधी कोगनोळीकडं आलात, आणि आक्काताई नावाची बाई भेटली, तर यातलं तिला काही सांगू नका. आमच्याकडं या नावाच्या पुष्कळ जणी आहेत, त्यांतली ती कोणती हे तुम्हाला कळायचं नाही. म्हणून कुणालाच सांगू नका. तारामतीनं अजून सांगितलेलं नाही.