दोन जावा आणि अळंब्यांची जागा

अळंब्यांची आपली जागा थोरलीने कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याला तर नाहीच. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती जागा सासूने मरताना तिच्या कानात सांगितली होती. धाकट्या जावेच्याही कानात सासूने काहीतरी कुजबुजलं होतं, पण ते थोरलीला ऐकू आलं नाही. कान मात्र तिने पुरेपूर दिला होता. तेव्हापासून दोघी एका चुलीवर रांधत, बाजारात शेजारी बसत, पण जंगलात शिरल्या की तोंडं दोन दिशांना.

यंदा पावसाने तऱ्हा केली. यायच्या वेळी आला नाही, आला तो एकदम कोसळला आणि पाठोपाठ भाजून काढणारं ऊन. थोरली आपल्या जागेवर गेली तर माती खापरासारखी कडक. अळंबी औषधालाही नव्हती. टोपलीत पाला भरून, वर फडकं टाकून ती ताठ मानेने घरी आली. पाहते तर धाकटीच्या टोपलीवरही फडकं. 'हिला मिळाल्या वाटतं.' झालं, थोरलीची झोप उडाली.

सकाळी धाकटी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. थोरली वळसा घालून धाकटीच्या वाटेने निघाली. 'नुसतं बघून येते,' असं तिने मनाला सांगितलं. मग टोपली कशाला, असं मनाने विचारलं, तेव्हा मनाशी बोलणं तिने सोडून दिलं.

ओढ्यापाशी, जिथे दोघींच्या वाटा फुटत, पावलं वाजली. ती घाईने काटेरी झुडपामागे दडली. तिथे धाकटी आधीच बसलेली, मांडीवर टोपली घेऊन. पावलं निघाली एका चुकार शेळीची.

"डोकं कसं आहे?" थोरलीला दुसरं काही सुचेना.

"उतरलं. तुम्ही इकडे कशा, जाऊबाई?"

"वाट चुकले."

"मी तुमच्या जागेवर निघाले होते," धाकटी सरळ म्हणाली.

रागवायचा हक्क थोरलीचा होता. पण लुगडं काट्यांत अडकलेलं असताना रागवायचं तरी कसं?

"नको जाऊस. काही नाही तिथे. काल मी पाला आणला."

"मीपण."

धाकटीला हसू फुटलं. थोरलीने ते दाबायचा प्रयत्न केला, तो फसला.

मग दोघी मिळून वर चढल्या, उन्हाला वाव नसलेल्या घळीकडे. सासू तिथे कधी गेली नव्हती. का, ते थोरली बसकण मारून घसरत घळीत उतरली तेव्हा कळलं. पण घळीत ओल होती, आणि कुजक्या खोडाशी अळंब्याही. दोघींच्या मिळून एक टोपली. पूर्वी एवढ्या तर वाटेत सांडायच्या.

"पुढच्या वर्षी इथेही नसल्या तर?" धाकटीने विचारलं.

"अजून वर जाऊ."

"आणि त्याच्याही वर?"

वर नुसता कातळ होता. थोरली लुगड्यातला काटा काढत राहिली.

बाजारात एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "कुठे मिळाल्या?"

"नदीकडे," थोरली म्हणाली.

"माळावर," त्याच दमात धाकटी म्हणाली.