भोक पडलेली अठ्ठी

मी चौकटची अठ्ठी बोलतेय. माझ्या पोटात आरपार भोक आहे आणि एक कोपरा दुमडलेला आहे, तरी ओळखू येते.

अमेरिकेतल्या रिनो शहरात, एका कॅसिनोत मी जेमतेम अर्धा मिनिट जगले. एका गृहस्थाने मला पालथीच ओढून घेतलं, कडेकडेने वाकवत डोकावून पाहिलं, वर फुंकरही घातली. "आठ!" तो ओरडला. मी फुलून गेले. तेवढ्यात समोरचे पत्ते उघडले आणि त्याने कपाळावर हात मारला. माझं काय चुकलं ते कळायच्या आत मी ढिगात जाऊन पडले. तिथे वाकलेला पत्ता पुन्हा टेबलावर येत नाही. कुणी चोरून आणू नये म्हणून त्याला भोक पाडतात.

आमची भोकाची गड्डी डेल्फिन काकांनी घरी नेली. तीस वर्षं कॅसिनोत डीलर म्हणून पत्ते वाटून निवृत्त झालेला हा माणूस. गेल्या महिन्यात ते आम्हाला शेजारच्या रोवेनाच्या स्वयंपाकघरात घेऊन आले. हॉटेलच्या तळघरात ओल्या चादरी उचलून रोवेनाचा खांदा कामातून गेला होता. शुक्रवारी तिची पत्ते वाटायची परीक्षा होती. जमलं तर डीलर म्हणून टेबलामागे उभं राहायचं, नाही जमलं तर पुन्हा चादरी.

पैशांऐवजी मूग ठेवले. खेळायला तिची तेरा वर्षांची लेक माइका बसली.

"राजा, राणी, गुलाम, दश्शी म्हणजे शून्य," काका म्हणाले. "बेरीज दहावर गेली की दहा सोडून द्यायचे. नऊच्या जवळ जाईल तो जिंकला. सात आणि आठ?"

"पाच," रोवेना म्हणाली.

"शाबास. माइका, मूग कशावर? खेळाडू, बँकर की बरोबरी?"

"मी खेळाडू आहे ना? मग खेळाडूवर."

"तू कुणी नाहीस गं! खेळाडू आणि बँकर ही नुसती दोन बाजूंची नावं आहेत. हवी त्यावर लाव."

मी कान टवकारले. म्हणजे त्या दिवशी मी त्या गृहस्थाची नव्हतेच! आठ किंवा नऊ आले की डाव तिथेच थांबतो, आठाला हरवतं ते फक्त नऊ, हेही तेव्हाच कळलं. त्याच्यासमोर नऊ आले असणार. माझं काहीच चुकलं नव्हतं.

काकांची एक सवय मला फार गमतीची वाटे. साधा चमचा खाली ठेवला तरी ते हात झटकून दोन्ही तळवे छताकडे दाखवत.

"काका, आमच्या छताला कॅमेरा नाही हं," माइका म्हणायची.

"डीलरचे हात रिकामे आहेत, हे छतालाही कळलं पाहिजे!"

रोवेना मात्र एकाच ठिकाणी अडकायची. एकदा एका बाजूला मी आणि राजा, दुसऱ्या बाजूला छक्की आणि दुर्री. आठाला आठ. तिने माइकाचे मूग सपकन ओढले.

"आई! माझे मूग!"

"बरोबरीत दोन्ही बाजूंचे जागच्या जागी राहतात," काका म्हणाले. "तिथे असं केलंस तर सरळ घरी पाठवतील."

ती तीनदा चुकली. तिसऱ्यांदा खांदा चोळत नुसती माझ्याकडे बघत बसली.

शुक्रवार उजाडला. त्यांच्या घरी शुक्रवारी मूग शिजतात. माइकाने हरलेले आणि जिंकलेले सगळे मूग एकाच पातेल्यात घातले. काका येरझाऱ्या घालत होते. दार उघडलं. रोवेना आत आली. पिशवी ठेवली, हात झटकले आणि दोन्ही तळवे छताकडे केले.

माइका किंचाळलीच!

"बरोबरी आली हो काका," रोवेना खुर्चीत टेकत म्हणाली. "पैसे ओढायला हात निघाला होता माझा. मग ही भोकवाली अठ्ठी आठवली आणि हात तिथेच थांबला."

"आणि परीक्षा घेणारे साहेब?"

"म्हणाले, सोमवारपासून या."

आता त्याच भोकातून मला चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवलंय. डीलरच्या कपड्यांना खिसा चालत नाही, तेव्हा तिच्याबरोबर मला जाता येत नाही. म्हणून रोवेना, एवढंच कर. रोज घरी आलीस की हात झटकून मला सांगत जा, आज आठ जिंकले की नऊ?