चाकाची कंबर

वीस वर्षं लोकांचे कपडे शिवून झाल्यावर शिंपीणकाकूंनी एके दिवशी मशीन झाकून ठेवलं आणि एक जुनी व्हॅन घेतली. शाळेच्या मुलांची ने-आण करायचं काम त्यांना मिळालं होतं. अट एकच: सोमवारी दुपारपर्यंत गाडी तपासणीत पास झाल्याचा कागद शाळेच्या ऑफिसात हवा. नाहीतर काम दुसऱ्याला.

आणि शनिवारी सकाळी कळलं, की गाडीचा वेगाचा काटा थापा मारतो.

"वहिनी, काटा किती म्हणतो?" शेजारी मोबाइल धरून बसलेल्या नणंदेने विचारलं.

"साठ."

"मोबाइल म्हणतो बावन्न. गाडी अगदी तुझ्यावर गेलीय. वय कमी सांगायचं, बाकी सगळं वाढवून!"

काकूंनी वेग कमी केला. काटा तीसवर आला, मोबाइल सव्वीस दाखवू लागला. काकूंच्या मनात काहीतरी टोचलं. तिसाला चारची चूक, साठाला आठची. मोडलेली वस्तू इतक्या शिस्तीत चुकते का कधी?

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मीटर काढून दुसरा बसवला. चक्कर मारून आले, तर पुन्हा साठाला बावन्न! वायरी तपासल्या, त्या ठणठणीत. शेवटी त्यांनी गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक उतरवलं आणि डोकं खाजवत बसले.

"दोन-दोन मीटर एकच खोटं कसं बोलतील हो, ताई?"

"दादा, मला आधी एक सांगा. काट्याला वेग कळतो तरी कसा?"

"चाक किती फेरे घेतंय त्यावरून. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, ते कारखान्यातच ठरलेलं असतं. मीटर फक्त फेरे मोजतो."

"आणि चाक केवढं आहे, ते कोण बघतं?"

"ते कशाला कोण बघेल? चाक ते चाक."

काकूंनी पर्समधून टेप काढली. ती त्यांच्याजवळ कायम असायची. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापावर त्यांनी आजवर कधी कात्री चालवली नव्हती.

"वहिनी, चाकाची कंबर घेतेस की काय?" नणंद हसू लागली.

"तीच घेते. धर ते टोक."

दीडशे सेंटीमीटरची टेप तेरा सेंटीमीटर कमी पडली. म्हणजे एकशे त्रेसष्ट. मग काकूंनी गाडीच्या मागून स्टेपनी काढायला लावली. ती अजून एकदाही वापरलेली दिसत नव्हती, म्हणजे कारखान्याच्याच मापाची. तिला टेप अडतीसने अपुरी पडली. एकशे अठ्ठ्याऐंशी!

नणंदेचं हसू थांबलं. तिने मोबाइलवर भराभर आकडे दाबले. "साठाला बावन्न! वहिनी, अगदी बरोब्बर!"

"अहो, ही तर छोट्या मोटारीची चाकं," मिस्त्री वाकून बघत म्हणाले. "आणि मी मीटर बदलत बसलोय! मूळ मापाची चारही लागतील. पण मागवली तर गुरुवार उजाडेल."

काकूंना तर सोमवार गाठायचा होता. त्यांनी तिथूनच व्हॅन विकणाऱ्या गृहस्थांना फोन लावला.

"हो, मीच बदलली होती," ते म्हणाले. "आईला पायरी चढवत नव्हती. छोट्या चाकांनी गाडी दोन बोटं खाली आली."

"दोन बोटांनी काय होतं हो?"

"तिला चढता आलं. मला तेवढं पुरे होतं. ती गेल्यावर चाकं पुन्हा बदलायचं सुचलंच नाही. जुनी शेडमध्ये पडून आहेत. घेऊन जा, पण ती छोटी तेवढी मला परत आणून द्या."

काकूंनी कारण विचारलं नाही. रविवारी जुनी चाकं गाडीला बसवून झाल्यावर छोटी चाकं पुसून, स्वच्छ करून त्यांनी स्वतःच्या हातांनी त्या गृहस्थांच्या शेडमध्ये रचून ठेवली.

सोमवारी तपासनीस शेजारी बसला. त्याच्या हातातल्या यंत्रावर साठ, काट्यावर साठ. त्याने शिक्का मारला.

अकराच्या आत कागद शाळेच्या टेबलावर होता. कारकुनाने तो उलटसुलट पाहिला आणि सतरा नावांची यादी पुढे सरकवली. काकूंनी चष्मा लावला, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे बाळ राहतं कुठे? आणि गाडीत आपलं आपण चढतं, की उचलून घ्यावं लागेल?"